बचत गटाच्या हिशोबात तफावत दिसली आहे, निनावी चिठ्ठी टाकू का?

गटातली एक
आमचा गट बारा जणींचा, उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आहे. महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये, म्हणजे २,४०० बचत. मेमध्ये सचिवताईंच्या सख्ख्या बहिणीने बियाण्यासाठी २०,००० कर्ज घेतलं, दहा हप्त्यांत फेडायचं. दुसरं कुणाचं कर्ज चालू नाही. परवा एंट्री मारायला बँकेत मी गेले होते. घरी आल्यावर ओसरीवर गटाची वही आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवलं. वहीत जून ते सप्टेंबर चारही हप्ते जमा आहेत. पासबुकात दर महिन्याला फक्त २,४००. मुद्दलाचे ८,००० आणि वरचं व्याज बँकेत आलेलंच नाही. ओळीवर बोट ठेवून दोनदा पाहिलं.

सचिवताई माझ्या चुलत जाऊ. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात रात्री दोन वाजता रिक्षा घेऊन त्याच आल्या होत्या. खुरपणीला आम्ही सावडीने एकमेकींच्या वावरात जातो. डाव्या हाताने चार ओळी लिहून ठेवल्यात. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या बैठकीत गुपचूप ठेवू का? नाव घालायची हिंमत नाही, पण गप्पही बसवत नाही. त्यात शेजारच्या म्हातारीचे भाजी विकून आणलेले पैसे आहेत.

माजी सीआरपी (गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती)
ताई, आधी रोख शिल्लक विचारा. हप्ता हातात घेऊन बँकेत भरायचा राहिला, असंही होतं. गटांच्या दहा नियमांची जी दशसूत्री असते, तिच्यातलं पाचवं सूत्रच नियमित हिशोब लिहिण्याचं आहे. बैठकीत म्हणा, "पासबुक आणि वही मोठ्याने वाचू या, पेटीतली रोकड मोजू या." हा प्रत्येकीचा हक्क आहे, त्यात कुणावर आरोप नाही.

माहेर लातूर
आमच्या गटात अशी चिठ्ठी आली होती. अकरा जणींत लिहिता येणाऱ्या चौघीच. महिनाभर अक्षरं ताडून पाहणं चाललं आणि जिने लिहिलीच नव्हती तिच्याशी बायका बोलेनाशा झाल्या. ती गट सोडून गेली. पैशाचा विषय राहिला बाजूलाच. लहान गटात निनावी काही राहत नाही हो.

शेवंता
नाव घेऊन बोला म्हणणं सोपं आहे. हिला उद्या त्याच पाणवठ्यावर जायचंय. एकटीने बोलू नका, आदल्या दिवशी दोघींना तरी वही दाखवा.

गटातली एक
सोमवारी गटाची बैठक झाली. शेजारच्या म्हातारीला आणि अध्यक्षांना आधी वही दाखवली होती. माझा आवाज कापत होता. मी म्हणाले, "आज पासबुक वाचू या." कुणीच काही बोलेना. मग म्हातारी म्हणाली, "वाच गं, आम्हाला कुठं वाचता येतंय."

पेटीत ३,५०० निघाले. सचिवताई रडल्या. म्हणाल्या, बहिणीने दोनच हप्ते दिले, तिची लाज वाचवायला मी चार मांडले, त्यातले थोडे घरात लागले. दिवाळीपर्यंत सगळे भरायचे आणि दर बैठकीत पासबुक वाचायचं, असा ठराव झाला. सूचक म्हणून खाली माझं नाव आहे. चिठ्ठी चुलीत घातली.

काल सोयाबीनच्या काढणीला त्यांनी मला बोलावलं नाही. उद्या मीच विळा घेऊन जाणार आहे.