लिलावातल्या स्टॅलियनला एसी: कंडेन्सर कुठे, किती टनाचा?

शिळफाटा_४बाय४
नमस्कार मंडळी. लष्कराच्या लिलावातली अशोक लेलँड स्टॅलियन आहे, जबलपूरच्या कारखान्यात जुळलेली. ४ बाय ४, सहा सिलिंडर टर्बो डिझेल, २४ व्होल्ट. केबिनचा पत्रा उघडा, छताला हॅच. फेऱ्या ठाणे-बेलापूर रोड आणि शिळफाटा, म्हणजे बराच वेळ रांगेत. मेकॅनिकचं म्हणणं: कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरपुढे लावू, आणि कारचा १२ व्होल्टचा ब्लोअर एका बॅटरीवरून चालवू. योग्य आहे का? एक टन पुरेल?

पत्रा_आणि_पाना
दोन्ही गोष्टी करू नका.

आधी बॅटरी. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात आणि अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो. एकीवरूनच १२ व्होल्ट ओढलात तर ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उडतं. ब्लोअर, कंडेन्सर फॅन आणि कॉम्प्रेसरचा क्लच, तिन्ही २४ व्होल्टचेच घ्या. सगळं मिळून १८ ते २२ अँपिअर लागतात. हेडलाइट आणि वायपर चालू असताना अल्टरनेटर तेवढे देतो का, ते क्लॅम्प मीटर लावून आयडलवर (पाय अॅक्सिलरेटरवर नसताना) बघा, रेसवर नाही.

आता कंडेन्सर. टर्बो गाडीत इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर आधीच एकामागे एक उभे असतात. ५ किलोवॅट थंडावा देणारी सिस्टिम कंडेन्सरवाटे साडेसहा ते सात किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. ती रांगेत उभ्या इंजिनाच्या तोंडावर आली की पाण्याचा काटा चढणारच. कंडेन्सर केबिनच्या मागच्या भिंतीला, हौद्याच्या पुढच्या फटीत उभा लावा, स्वतःचे दोन १० इंची फॅन देऊन. मागे किमान १० सेंमी मोकळी जागा हवी, आणि सायलेन्सर त्याच बाजूला नको. चेसिसच्या कडेला खाली लावू नका, चाकाचा चिखल पहिल्याच पावसात फिन्स बुजवतो.

टनाचं उत्तर: दीड. पण त्याआधी केबिन बंद करा, खरा फरक तिथे पडतो. आतला तांबेरा घासून एपॉक्सी प्रायमर मारा, मग छताला, दारांना आणि मागच्या भिंतीला १९ मिमी नायट्राइल फोम. प्रायमर वगळलात तर आपल्याकडच्या दमट हवेत फोमच्या मागे पत्रा गुपचूप सडतो. इंजिन कव्हरला फोम नको, तिथे सिरॅमिक वूल आणि वरून अॅल्युमिनियम फॉइल. हॅचचं रबर नवं घाला. क्लच-ब्रेक पेडलची भोकं आणि गिअर लिव्हरचा बूट बघा, इंजिनची गरम हवा तिथूनच आत येते. रात्री केबिनमध्ये दिवा लावून बाहेरून आणि खालून बघा, जिथे उजेड दिसेल तिथे फट आहे.

बेल्ट_टाइट
वरचं सगळं पटलं. कॉम्प्रेसरबद्दल: १३८ किंवा १५५ सीसीचा, २४ व्होल्ट क्लचचा घ्या. क्रँकवर २०० मिमी आणि कॉम्प्रेसरवर १२५ मिमी पुली धरली तर गुणोत्तर १.६ येतं. ६०० आरपीएमच्या आयडलला कॉम्प्रेसर ९६० वर फिरतो, २४०० ला ३८४० वर. ब्रॅकेट १० मिमी प्लेटचं करा आणि इंजिनवरच बोल्ट करा, चेसिसवर नाही. इंजिन रबरावर हलतं, चेसिस तसं हलत नाही, मग बेल्ट उडतो. पुल्या सरळ पट्टीने जुळवा. एक-दीड मिमीचा फरकही बेल्ट खातो.

होज बॅरिअर जातीचेच, म्हणजे गॅस झिरपू न देणारे: सक्शनला (कॉम्प्रेसरकडे येणारा) १० नंबर, डिस्चार्जला (कॉम्प्रेसरमधून निघणारा) ८, लिक्विडला (कंडेन्सरनंतरचा) ६. केबिन आणि चेसिस वेगवेगळे हलतात, म्हणून मध्ये १५ सेंमी ढील ठेवा.

आयडल पडत असेल तर छोटा एअर सिलिंडर आणि सोलेनॉइड लावून अॅक्सिलरेटरचा लिव्हर थोडा ओढून घेता येतो, ७५० पर्यंत. हवा मात्र ब्रेकच्या टाकीतून घेऊ नका. प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या पुढच्या जादा सर्किटमधूनच घ्या. तिथे गळती झाली तरी ब्रेक शाबूत राहिले पाहिजेत.

शिळफाटा_४बाय४
धन्यवाद दादा. गॅस किती भरायचा? या गाडीवर गॅसचं वजन सांगणारं स्टिकर नसणार. आणि छतावरचा बॅटरीवर चालणारा एसी घेतला तर?

मॅनिफोल्ड_गेज
स्टिकर नसलं की वजन आणि प्रेशर दोन्ही बघून भरायचं. आधी नायट्रोजन १० बारला भरून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. मग ४५ मिनिटं व्हॅक्यूम, पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते बघा. इंजिन बंद असताना हाय साइडने (जास्त दाबाची बाजू) ५०० ग्रॅम आर-१३४ए, म्हणजे एसीचा गॅस, बाकीचा १५०० आरपीएमवर लो साइडने (कमी दाबाची बाजू), गॅसरूपातच. साधारण ७०० ते ९०० ग्रॅमवर थांबाल. बाहेर ३३-३५ अंश असताना लो ३० ते ४०, हाय २१० ते २४० पीएसआय हवं. आयडलवर हाय ३०० च्या वर गेलं तर गॅस काढण्याआधी कंडेन्सरची हवा तपासा.

गॅसचा डबा उघडण्याआधी गेज लावा. ३० अंशांना शुद्ध आर-१३४ए सुमारे ९७ पीएसआय दाखवतो. बराच वेगळा आकडा आला तर त्यात भेसळ आहे, तो भरू नका.

हाय-लो प्रेशर स्विच (दाब फार वाढला किंवा पडला की कॉम्प्रेसर बंद करणारा) वगळू नका. गॅस गळाला की तेलही फिरत नाही, आणि स्विच नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा चालून जॅम होतो.

बॅटरीवरचा छती एसी उभ्या गाडीत झोपण्यासाठी ठीक. दिवसा रांगेत तो २४ व्होल्टवर ३०-४० अँपिअर ओढतो, जुना अल्टरनेटर मागे पडतो. शिवाय त्यासाठी हॅच काढावा लागेल.

पत्रा_आणि_पाना
हॅचवरून आठवलं: छत किंवा बॉडी कापण्याआधी आरटीओत विचारा, एमएच-०४ असो की एमएच-४३. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांनाच लागू होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिन एसी सक्तीचा आहे, जुन्या गाडीला ती सक्ती नाही. पण त्या सक्तीमुळे ट्रकचाच २४ व्होल्टचा इव्हॅपोरेटर बॉक्स (केबिनमधली थंड हवेची पेटी) मिळायला हवा, तो शोधा, कळंबोलीत विचारा. कारचा बॉक्स कापून बसवण्यापेक्षा तो बरा.

त्याच्या पाण्याच्या नळीला अर्धा इंच व्यास आणि सलग उतार द्या, टोक इंजिन कव्हरपासून लांब. पावसाळ्यात हवेतलं पाणी भरपूर निघतं, आणि नळी तुंबली की ते थेट फ्यूजबॉक्सवर टपकतं.