मॅक्स रोच तबल्याच्या मुलांना कसा ऐकवायचा? शिवाय डाव्या पायाची एक अडचण

खानापूर_ठेका
नमस्कार मंडळी. खानापूर भागात तबला शिकणाऱ्या पंधराएक मुलांसाठी (वय १४ ते १९) जुलैत दीड तासाची श्रवण-बैठक ठरली आहे. विषय अमेरिकन जॅझ ड्रमवादक मॅक्स रोच. मुलं तीनताल, झपताल, रूपक बिनचूक मोजतात, पण जॅझ एकानेही ऐकलेलं नाही. निम्मी मराठी, निम्मी कन्नड बोलणारी. जागा पत्र्याच्या शेडची. ड्रमसेट आहे: २२ इंची बास ड्रम, १२, १३ आणि १६ इंची टॉम (तारा नसलेले ड्रम), १४ चा स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम).

आयुष्यातलं नेमकं काय सांगावं, म्हणजे ते वादनाशी जोडलेलं राहील? ठेक्याला सम-खाली असते, तसं इथे मुलांनी काय धरायचं? आणि एक मोठा विद्यार्थी 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस'ची चाल वाजवून दाखवणार आहे. त्याचे हात टॉमकडे गेले की डाव्या पायाचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तिसऱ्या मात्रेला गळतो. दोन आठवड्यांत सुधारता येईल का?

शहापूर_पेठ
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, बाकीचं मागून येतंय बघा. जॅझमध्ये ठेक्याचं आवर्तन नसतं, चालीचं असतं. मूळ धून जितक्या बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट, बहुधा चारचा), तितकं एक आवर्तन, आणि सगळे वादक आपापली भर घालताना तेवढीच लांबी पुन्हा पुन्हा फिरतात. ड्रमवादक एकटा वाजवत असला तरी धून त्याच्या मनात चालूच असते. रोचचं मोठेपण इथंच आहे ओ. त्याच्या सोलोत बाकी वाद्यं गप्प असतात, तरी ती धून कुठं पोचली ते कळतं.

बोटांवर मोजायला लावा. १२ बारचा ब्लूज असेल तर अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजायची, प्रत्येक बोटाची तीन, म्हणजे बरोबर १२. एक पेर म्हणजे चार मात्रांचा एक बार, एकूण ४८ मात्रा. करंगळीच्या पहिल्या पेरावर परत आलात की सम. याला सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सचं 'ब्लू सेव्हन' घ्या, ड्रमवर रोचच आहे. लय मध्य आहे आणि सुरुवातीला डग वॉटकिन्सचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) एकटाच चालतो. तिथं मोजू नका, सॅक्सोफोन आला की पहिलं पेर धरा.

३२ बारची चाल असेल तर रचना अ-अ-ब-अ, आठ-आठ बारचे चार तुकडे. इथं एक बोट म्हणजे एक तुकडा. करंगळी अ, अनामिका पुन्हा अ, मधलं बोट ब, तर्जनी परत अ. मधल्या बोटावर धून वेगळीकडे जाते, ती जागा ऐकू आली की मूल हरवत नाही. ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउनची 'दाहूद' यासाठी चांगली.

पहिल्याच दिवशी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची 'को-को' लावू नका. ती ६४ बारची चाल, मिनिटाला सुमारे ३०० मात्रा. २५६ मात्रांचं आवर्तन जेमतेम ५० सेकंदांत संपतं, बोटं पुरत नाहीत. ती शेवटी, नुसती ऐकायला.

घटप्रभा_काठ
आयुष्याचं सांगताना सनावळी वाचून दाखवू नका. चार वळणं घ्या आणि प्रत्येक वळणाला ध्वनिमुद्रण जोडा.

जन्म जानेवारी १९२४, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या न्यूलँड भागात. (आपल्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म एप्रिल १९२४ चा. दोघं एकाच वर्षाचे म्हटलं की मुलांना काळ लगेच कळतो.) रोच चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला आलं. आई चर्चमध्ये गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं) गाणारी. दहाव्या वर्षी पोरगा गॉस्पेलच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवत होता. १९४२ मध्ये, अठराव्या वर्षी, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात ड्रमवादक सनी ग्रीअरच्या जागी बसायची संधी मिळाली.

पहिलं वळण बीबॉपचं, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या द्रुत, गुंतागुंतीच्या जॅझचं. इथे ड्रमवादक केनी क्लार्कचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याआधी बास ड्रम चारही मात्रांना ठाम वाजायचा आणि लय त्यावर उभी असायची. क्लार्कने लय उचलून राइड सिंबलवर (काठीने वाजवायच्या मोठ्या झांजेवर) नेली. त्यामुळे बास ड्रम आणि स्नेअर मोकळे झाले, मध्येच जोर द्यायला, वादकाशी बोलायला. रोचने हे पुढे नेलं. २६ नोव्हेंबर १९४५ ला चार्ली पार्करबरोबर 'को-को' मुद्रित झालं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. इतक्या द्रुत लयीत बास ड्रम चार मात्रांना जोरात मारला असता तर सगळं जड झालं असतं.

दुसरं वळण क्लिफर्ड ब्राउन. १९५४ मध्ये दोघांनी मिळून पंचक उभं केलं. २६ जून १९५६ ला पेनसिल्व्हेनियात मोटार अपघातात ब्राउन, पियानोवादक रिची पॉवेल आणि पॉवेलची पत्नी असे तिघे गेले. ब्राउन अवघा पंचवीस वर्षांचा. त्याच्या चारच दिवस आधी, २२ जूनला, रोच 'सेंट थॉमस' आणि 'ब्लू सेव्हन' मुद्रित करत होता, आणि त्यातला रोलिन्स त्या वेळी याच पंचकात होता. पुढची काही वर्षं रोच नैराश्य आणि दारूत अडकला. मुलांपुढे हे लपवू नका, पण रंगवूही नका. १९५७ मध्ये त्याने पूर्ण तबकडी तीन मात्रांच्या लयीत केली, हे सांगा. जॅझ म्हणजे चार मात्रा, हा समज तेव्हा पक्का होता.

तिसरं वळण सगळ्यात सावकाश घ्या. फेब्रुवारी १९६० मध्ये त्याच्याच जन्मराज्यातल्या ग्रीन्सबरोमध्ये काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलचा गोळीबार झाला. त्याच वर्षी रोचने गायिका ॲबी लिंकनला घेऊन 'फ्रीडम नाऊ' ही मालिका केली, शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनिअरचे. मुखपृष्ठावर तसल्याच काउंटरवर बसलेले काळे तरुण आहेत. पहिला तुकडा 'ड्रायव्हा मॅन' पाच मात्रांचा, आणि दर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला काठावरचा कडक आघात पडतो. गुलामांना राबवणाऱ्या मुकादमाचं ते गाणं आहे, म्हणून तो आघात चाबकासारखा लागतो. झपताल मोजणाऱ्या मुलांना पाच मात्रा अवघड नाहीत. सम इतकी दुखरी करता येते, हे त्यांनी ऐकलंच पाहिजे.

चौथं वळण एकट्या ड्रमचं. १९६६ च्या तबकडीत तीन तुकडे निव्वळ ड्रमचे आहेत, त्यातलाच तुमचा 'वॉल्ट्झेस'. १९७० मध्ये फक्त तालवाद्यांचा 'एम्बूम' गट, १९७२ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अध्यापन, १९८८ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप. १६ ऑगस्ट २००७ ला न्यूयॉर्कमध्ये मृत्यू. हा शेवटचा भाग दोन मिनिटांत आटपा.

दादरा_प्रेमी
स्विंग (जॅझच्या लयीचा झोल) समजावणं सोपं आहे की. दादऱ्याच्या सहा मात्रा द्रुत वाजवा, झाला स्विंग.

शहापूर_पेठ
असं सांगू नका, मुलं उलटं शिकतील. दादऱ्यात मात्रा सहा. स्विंगमध्ये मात्रा चारच, पण प्रत्येक मात्रेच्या पोटात तिस्र जाती. एका मात्रेचे तीन भाग केले तर राइडचा आघात पहिल्या आणि तिसऱ्या भागावर येतो, आणि तोही फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेत. पहिली आणि तिसरी मात्रा सरळ. तोंडाने म्हणून घ्या: डिंग, डिंग-ऽ-ग, डिंग, डिंग-ऽ-ग. हाय-हॅट पायाने दोन आणि चारवर. टाळी द्यायची ती दोन-चारला, एकला नाही. आपली मुलं सवयीने समेवर टाळी देणार आणि अर्धा तास तिथंच अडकणार, हे धरून चाला.

आणखी एक, लय वाढली की तिस्र सपाट होत जाते. ३०० ला ती जवळजवळ निम्म्या-निम्म्या मात्रेवर येते. म्हणून स्विंग नेहमी मध्यलयीत शिकवायचा.

निपाणी_साज
आता पायाचं. 'वॉल्ट्झेस'मध्ये पायांची चाल शेवटपर्यंत बदलत नाही: पहिल्या मात्रेला बास ड्रम, दुसऱ्या-तिसऱ्याला हाय-हॅट. धुम्, छिक्, छिक्. हात त्यावर प्रश्नोत्तर करतात. सांबळाच्या दोन तोंडांचं बोलणं मुलांनी गोंधळात ऐकलेलं असतं, ती तुलना चालेल.

हाय-हॅट तिसऱ्याला गळतो त्याची तीन कारणं असतात, याच क्रमाने तपासा.

आधी बैठक. फ्लोअर टॉमकडे (जमिनीवर उभ्या १६ च्या टॉमकडे) वळताना धड उजवीकडे फिरतं, वजन उजव्या कुल्ल्यावर जातं आणि डावी टाच उचलते. स्टूल इतकं वर घ्या की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील, आणि फ्लोअर टॉम चार बोटं जवळ ओढा. हात लांबवावा लागला नाही तर धड फिरत नाही. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

मग पेडल. दोन झांजांतलं अंतर दोन-अडीच सेंटिमीटर ठेवा. जास्त असेल तर पायाला फार लांब जावं लागतं आणि दुसऱ्यानंतर तिसरी मात्रा उशिरा पडते. वरच्या झांजेचा क्लच (झांज दांड्याला धरणारी पकड) ढिला असेल तर वाजवता वाजवता झांज खाली सरकते. पावसाळ्यात दांड्याला गंज धरतो, तो पुसून नट घट्ट करा. आवाज 'छिक्'ऐवजी 'फप्' येत असेल तर दोन्ही झांजा सपाट मिटून मध्ये हवा कोंडते. खालच्या झांजेच्या बैठकीला तिरका करणारा स्क्रू असतो, तो थोडा फिरवा म्हणजे एक कड उचलेल.

शेवटी सराव, रोज २० मिनिटं. मेट्रोनोम ८० वर. पाच मिनिटं नुसते पाय, आणि तोंडाने तबल्याचेच बोल. बोल म्हणताना पाय चुकत असेल तर काठ्या हातात घेऊच नका. नंतर दोन्ही हात फक्त पहिल्या मात्रेला, मग फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला, मग उजवा-डावा असे सहा अर्धमात्रांचे आघात. हे सगळं आधी स्नेअरवरच. त्याच्या खालच्या तारा सोडून घ्या, म्हणजे स्नेअर टॉमसारखा बोलतो. टॉमवर जाणं दुसऱ्या आठवड्यात. दर तीन दिवसांनी लय चारने वाढवा. पाय एकदा जरी गळला तरी मागच्या लयीला या.

खानापूर_ठेका
स्टूल दोन इंच वर घेतलं आणि फ्लोअर टॉम जवळ आणला. तिसरी मात्रा आता बरीच पडते. पण सेटचा आवाज ध्वनिमुद्रणासारखा सुरात येत नाही. बास ड्रम नुसता 'थप्' करतो.

निपाणी_साज
आत उशी कोंबलेली असणार. मिरवणुकीच्या सेटला ती बरी, इथे ती सूर मारते. उशी काढा, फार घुमला तर कातड्याला लागून एक दुमडलेला टॉवेल ठेवा. समोरच्या कातड्याला भोक असेल तर तो सूर पूर्ण मिळणार नाही, तेवढं मान्य करा. रोचचे ड्रम चढ्या सुरात असतात, हा त्याच्या आवाजाचा गाभा आहे.

टॉम लावताना सगळे स्क्रू आधी बोटाने घट्ट, मग किल्लीने समोरासमोरच्या जोड्यांत पाव-पाव फेरा. प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारून सूर जुळवा, तबल्याचे गठ्ठे ठोकून घरं मिळवतो तसंच. खालचं कातडं वरच्यापेक्षा किंचित चढं ठेवा. १३ चा टॉम बाजूला काढा. १२ आणि १६ मधलं अंतर स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, मधला टॉम ते बुजवतो.

प्लॅस्टिकचं कातडं जुलैच्या ओलीने उतरत नाही. पण मुलांना हे जरूर सांगा: प्लॅस्टिक १९५७ च्या सुमारास आलं. 'को-को' आणि 'सेंट थॉमस' मुद्रित झालं तेव्हा ड्रमला वासराचं कातडं असायचं, आणि पावसात ते आपल्या पुडीसारखंच उतरायचं.

घटप्रभा_काठ
पत्र्याची शेड म्हणालात म्हणून सांगतो. पावसाचा आवाज राइड सिंबलच्याच पट्टीत बसतो, सर आली की सिंबल ऐकूच येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर बास आणि बास ड्रमही गायब होतात. मोठा स्पीकर मुलांपासून सहा-सात फुटांवर, कानाच्या उंचीला ठेवा. सर आली की ध्वनिमुद्रण थांबवा आणि तेवढ्यात बोटांची पेरं पक्की करून घ्या. 'ड्रायव्हा मॅन' मात्र उघडीप बघूनच लावा.