घाटात स्कूटर नुसती ओरडते, पळत नाही. बेल्ट की रोलर?

कासवाट
साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून शाळेत जाते. ११० सीसीची गिअरलेस, २६ हजार किमी झालेत. डबलसीट असलं की चढाला इंजिन भणभणतं, काटा मात्र तिशीतच. सिग्नलला सुटताना थरथरते. उतरताना गाडी धरतच नाही, सगळा भार ब्रेकवर. गॅरेजवाला म्हणतो, "गिअरलेस आहे, असंच चालायचं." खरंच का?

जुना_पाना
अर्धंच खरं, ताई. आयटीआयमध्ये पोरांना हेच शिकवत उभी नोकरी केली मी. या गाडीतही गिअर बदलतातच, फक्त दात्यांनी नाही, बेल्टने. इंजिनच्या दांड्यावर व्हेरिएटर, म्हणजे रुंद-अरुंद होणारी पुढची पुली, मागे दुसरी पुली, मध्ये बेल्ट. इंजिन फिरेल तसे व्हेरिएटरमधले रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. झाला वरचा गिअर. चढाला चाकावर ताण आला की मागच्या पुलीची स्प्रिंग आणि तिरक्या खाचा बेल्टला उलट ओढतात. झाला खालचा. म्हणून चढाला चढा, एकसुरी आवाज येणारच. त्याला भिऊ नका.

थरथर मात्र बरी नव्हे. क्लच शूज बघायला सांगा, म्हणजे मागच्या पुलीबरोबर फिरताना बाहेर फाकून चाकाकडचा ड्रम पकडणाऱ्या पट्ट्या. एक तर घासून गुळगुळीत झालेत, नाहीतर कुठलं तरी सील गळून तेल लागलंय. सपाटीवर पूर्वीचा टॉप स्पीड मिळत नसेल तर बेल्ट बारीक झालाय किंवा रोलर एका अंगाने चपटे पडलेत. २६ हजारला बेल्ट तसाही बदलाच. तुटला तर गाडी जागीच उभी राहते, आणि आत गुंडाळलेले धागे काढताना मेस्त्री तुमच्या नावाने काय काय बोलेल ते इथे लिहिता येत नाही.

आता उतार. वरूनच रेस सोडून गाडी घरंगळू दिलीत तर क्लच लागतच नाही, मग इंजिन धरणार कुठून? उताराच्या तोंडाशी जराशी रेस द्या, क्लच पकडला की सोडा. वेग फार पडेपर्यंत इंजिन थोडंफार ओढून धरतं. दुसऱ्या गिअरमधल्या मोटरसायकलएवढं नाही, हे खरं. आणि पेट्रोल वाचवायला चावी बंद करून कधीही उतरू नका.

निवांत_स्वार
हलके रोलर टाका की! घाटात मस्त ओढते.

जुना_पाना
ओढते. पण सपाटीला इंजिन उगाच जास्त फिरतं आणि अ‍ॅव्हरेज घटतं. रोज घाटच असेल तर थोडे हलके चालतील, पण आधी आहे ते नीट करा.

पिथमपूरकर
आमच्या १९८४ सालच्या किनेटिक होंडातही हीच बेल्टची करामत होती. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बटण स्टार्ट. तेव्हाही लोक विचारायचे, "गिअर कुठंय?"

कासवाट
डावीकडचं कव्हर उघडून घेतलं. शूज तेलकट आहेत, बेल्टलाही कडेने भेगा. मेस्त्री म्हणतो, सील बदलतो आणि शूज पॉलिश पेपरने घासून देतो. चालेल?

जुना_पाना
नाही. तेल मुरलेले शूज घासून सुधरत नाहीत, नवेच टाका. क्लचचा ड्रम आणि पुल्या पुसून कोरड्या करायला लावा, नाहीतर नवा बेल्टही घसरेल. तेल मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्सचं (तिथले न बदलणारे गिअर दात्यांचेच) निघालं तर तेही नवं भरून घ्या. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच, वर घोटभरही नको.