‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’: पोरं बिघडली की मुळात तशीच होती?

चिंचोका:
इंग्रज लेखक विल्यम गोल्डिंगची ही कादंबरी (१९५४) तिसऱ्यांदा वाचून संपवली. युद्धकाळात विमान पडतं, ओसाड बेटावर फक्त मुलगे उरतात. आधी सभा, ज्याच्या हाती शंख त्यानंच बोलायचं असा नियम. शेवटी तोंडं रंगवून माणसाची शिकार. सगळे त्या काठीवर खोचलेल्या डुकराच्या मुंडक्याबद्दल बोलतात, मला छळतो तो रॉजर. छोट्या हेन्रीच्या दिशेनं तो दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती सहा यार्डांचं रिंगण सोडतो. आईबाप, शाळा, पोलीस यांचा धाक अजून दंडात आहे. पुढे हाच पोरगा चष्मेवाल्या पिगीवर धोंडा लोटतो. सभ्यता म्हणजे ते रिंगण, बस. धाक सुटला की आपण सगळे रॉजर.

पानगळ:
‘आपण सगळे’ कुठून आलं? शिकाऱ्यांचा म्होरक्या जॅक पहिल्यांदा दिसतो तेव्हाच गायकवृंदातल्या पोरांना काळे झगे घालून भर उन्हात रांगेनं चालवतोय. सायमन भोवळ येऊन पडतो. रानटीपणा नंतर नाही आला, गणवेशातच आला!

खरं उदाहरण घ्या. १९६५ साली पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातले सहा शाळकरी मुलगे होडी चोरून पळाले, वादळात सापडले आणि ‘अता’ नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागले. जवळपास १५ महिने राहिले. मळा केला, विस्तव विझू दिला नाही. भांडण झालं की दोघांनी लांब जाऊन डोकं थंड करायचं. एकाचा पाय मोडला, बाकीच्यांनी काठ्या बांधून तो सांधला. पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला सापडले तेव्हा सगळे धडधाकट.

चिंचोका:
ते सहा जण आधीपासूनचे दोस्त, एका शाळेतले. कडेवर घ्यायच्या वयाचं कोणी सोबत नाही. मित्र वेगळे, घोळका वेगळा. आणि गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, नॉर्मंडीच्या चढाईत होता, शिवाय शाळामास्तर.

सांजवारा:
कादंबरीत पोरं पिगीच्या चष्म्यानं विस्तव पेटवतात. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे चष्म्याची भिंगं अंतर्गोल. त्यांनी जन्मात विस्तव पेटणार नाही. चालू द्या तुमचं.

पानगळ:
😄 मास्तर होता हाच तर मुद्दा. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ (१८५७) या बेटावरच्या मुलांच्या जुन्या कादंबरीला हे उत्तर आहे. तिथंही राल्फ (गोल्डिंगकडे हा पोरांनी निवडलेला नायक) आणि जॅकच, पण शूर नि सालस. रानटी ठरतात ते बेटांवरचे लोक (आणि चाचे). गोल्डिंग सांगतो, रानटी तुमच्याच घरात आहेत. इंग्रजांना मारलेली चपराक अख्ख्या मानवजातीनं गालावर का घ्यायची?

चिंचोका:
चपराक इंग्रजांना, मान्य. पण शेवट बघा. नौदलाचा अधिकारी येतो, ब्रिटिश पोरांकडून याहून बरं काही व्हायला हवं होतं म्हणतो. राल्फ रडतो, तसा तो अवघडून नजर वळवतो, आपल्या युद्धनौकेकडे. तीही शिकारीलाच निघालेली. आणि तिच्यावर तर सगळे मोठे, शिस्त कडक, धाक शाबूत...

छे. म्हणजे माझं रिंगणाचं गणित तिथं बसतच नाही. शेवटचं प्रकरण पुन्हा काढतो.