प्रोसेस मॅपिंगने लोक बदलाला तयार होतात का?

प्रश्न: नवीन सिस्टिम येतेय, त्याआधी सगळ्या कामांचे प्रोसेस मॉडेल, म्हणजे प्रत्येक काम पायरीपायरीने कसं चालतं याचे डायग्राम, काढायचं ठरलंय. याने लोकांची तयारी खरंच वाढते की नुसते डायग्राम फाईलला लागतात?

पहिलं उत्तर: कोण काढतंय त्यावर आहे सगळं. बाहेरच्या कन्सल्टंटने केबिनमध्ये बसून काढलं तर लोकांना वाटतं नोकरीवर गदा येणार, पण काम करणाऱ्यांनाच बसवून आत्ता काम कसं चालतं ते मांडायला लावा, मग एकाच कागदावर तीन सह्या कशाला हे तेच विचारायला लागतात.

दुसरं उत्तर: अगदी बरोबर. आणि बीपीएमएन २.० (असे डायग्राम काढायची ठरलेली चिन्हपद्धत) मधली सगळी चिन्हं लादू नका हो, चौकोन, बाण आणि निर्णयाचा डायमंड पुरे.

प्रश्नकर्ता: जुनी पद्धत आधी मांडू की थेट नवीन?

पहिलं उत्तर: जुनी आधी, पण त्यातच महिने घालवू नका, लोकांचा उत्साह मावळतो.