ब्लेंडरमधल्या चंद्रकला: दर पौर्णिमेला ग्रहण लागतंय

प्रश्न (विज्ञानवर्ग): माध्यमिकच्या मुलांसाठी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये चंद्रकलांचं अॅनिमेशन करतेय. पृथ्वीची त्रिज्या १, चंद्राची ०.२७, अंतर १०. चंद्र एम्प्टीला (पृथ्वीच्या केंद्रातल्या, चित्रात न दिसणाऱ्या आधारबिंदूला) जोडलाय, एम्प्टी झेड अक्षाभोवती फिरते. सूर्यप्रकाश एक्स अक्षावरून येतो. पौर्णिमेला चंद्र दरवेळी काळा पडतो. एम्प्टीला ५ अंश कल दिला तरी तेच! ‘कला म्हणजे पृथ्वीची सावली’ हा मुलांचा गैरसमज यानं उलट पक्का होईल. काय चुकतंय?

पातबिंदू: मॅडम, चूक अंतरात आहे. पृथ्वीची त्रिज्या १ धरली, तर चंद्र खरा ६० वर हवा. तिथे ५ अंशांच्या कलानं तो सावलीच्या मध्यापासून ५ एककांहून जास्त वर-खाली जातो. १० वर जेमतेम ०.८७, म्हणजे बहुतांश सावलीतच. कल ३० अंश केलात तर ग्रहण टळेल, पण चित्र खोटं होईल, ते नकोच. कलांच्या दृश्यात इव्ही (ब्लेंडरची चित्र काढायची जलद पद्धत) ठेवा आणि सन लाइटची शॅडो बंद करा. चंद्राची सूर्याविरुद्धची बाजू तरीही काळीच राहते. ग्रहणासाठी ६० अंतराचं वेगळं दृश्य करा.

आणि कल व फिरणं एकाच एम्प्टीला देऊ नका. चंद्र कललेल्या कक्षेत न फिरता एकाच उंचीवर गोल फिरत राहतो. बाहेरच्या एम्प्टीला कल, आतलीला फिरणं. कल वाय अक्षाभोवती द्या. एक्सभोवती दिलात तर अमावास्या-पौर्णिमा नेमक्या पातबिंदूंवर (चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी छेदते तिथे), म्हणजे आपल्या राहू-केतूंवरच येतात आणि पुन्हा ग्रहण.

फ्रेम२४०: आतल्या एम्प्टीचं फिरणं फ्रेम १ ला ० अंश, २४१ ला ३६०, रेंडर (अंतिम चित्रं काढणं) २४० पर्यंतच. कीफ्रेम (कोन ठरवून दिलेल्या या दोन फ्रेमच्या खुणा) निवडून टी दाबा, लिनिअर (एकसमान वेग) करा. नाहीतर चंद्र सुरुवातीला आणि शेवटी रेंगाळतो. दर ३० फ्रेमला एक, अशा आठ कला मिळतात.

दुसरा कॅमेरा पृथ्वीच्या केंद्रात ठेवून ट्रॅक टूनं (कॅमेरा सतत एका वस्तूकडे वळता ठेवणाऱ्या सोयीनं) चंद्रावर रोखा, फोकल लेंग्थ ३०० मिमी. क्लिप स्टार्ट (याहून जवळचं कॅमेऱ्याला दिसत नाही ते अंतर) २ करायला विसरू नका, नाहीतर पृथ्वीच्या गोळ्याची आतली बाजूच दिसते. वरून आणि पृथ्वीवरून, दोन्ही दृश्यं शेजारी-शेजारी लावा, खरं शिकणं तिथेच होतं. शाळेतल्या संगणकावर ब्लेंडर अडखळतो, म्हणून १२८० × ७२० चा एमपी४ काढून न्या.

विज्ञानवर्ग: दोन एम्प्टी केल्या, शॅडो बंद केली, पौर्णिमा उजळली! ६० अंतराच्या दृश्यात मात्र चंद्र ठिपक्याएवढा दिसतोय.

पातबिंदू: दिसू द्या, तेच खरं प्रमाण आहे. सोबत वर्गात ३० सेंमीचा पृथ्वीगोल आणि ८ सेंमीचा चेंडू ९ मीटरवर धरा. अॅनिमेशन प्रत्येक कलेच्या आधी थांबवून मुलांना वहीत पुढची कला काढायला लावा, मगच पुढे चालवा. सलग दाखवलंत तर पाहणं होतं, विचार होत नाही. पडदे ओढायला सांगा. उजेडात प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो आणि बारीक कोर दिसतच नाही.