मदत हवी आहे : शाओलिनची '३४वी पिढी' पडताळायची कशी?

एका कुंग फू वर्गाचा गुरुपरंपरेचा तक्ता तपासायचा आहे. मुख्य शिक्षक चीनमधल्या शाओलिन मठाच्या ३४व्या पिढीतले असल्याचं त्यात लिहिलंय, पण त्यांचं दीक्षानाम 'शी शिंग...' असं सुरू होतं. इथेच गाडी अडते.

शाओलिनमध्ये पिढीचं अक्षर ७० अक्षरांच्या एका कवितेतून क्रमाने येतं : द ३१, शिंग ३२, योंग ३३, येन ३४, हंग ३५. सुरुवातीचं 'शी' शाक्यमुनींवरून आलेलं, ते सगळ्यांना सारखंच. पिढी ठरते ती दुसऱ्या अक्षरावरून. म्हणजे नाव तरी चुकलंय किंवा आकडा तरी. रोमन लिपीतून नाव उतरवताना घोळ होतो, म्हणून मूळ चिनी अक्षरं मागवली आहेत.

पुरावा म्हणून जोडलंय ते शाओलिन मठ आहे त्या डेंगफेंगमधल्या एका वूशू (चिनी युद्धकला) शाळेचं प्रमाणपत्र. ते प्रशिक्षणाचं, शिष्यत्वाचं नव्हे. शिष्यत्व 'बाइशी' विधीने मिळतं : गुरूपुढे गुडघे टेकून चहा द्यायचा, लेखी विनंतीपत्र द्यायचं. आपल्या गंडाबंधनाच्या जवळचं. तक्ता मठाच्या ग्रंथालयातल्या मूळ प्रतीवरून घेतल्याचं म्हणतात, ते तर मला अजिबात पटत नाही. १९२८च्या आगीत मठाचा बराचसा ग्रंथसंग्रह जळाला. मग ही प्रत कुठली, कोणी जपलेली?

बाइशीचं पत्र चिनीतून वाचून गुरूचं नाव, तारीख आणि शिक्का सांगू शकेल असं इथे कोणी आहे का? आणि गुरू हयात असतील तर त्यांच्याकडून शिष्याची खात्री कशी करून घेता, मठामार्फत की थेट? पालक मुलांची नावं नोंदवण्याआधी हे कळायला हवं.